थंड पाण्याचा सल्ला

हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री होती, आणि त्या लाँड्रीत डागबाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वरच्या पाच मजल्यांवर डॉक्टर कितीही मोठे असोत, त्यांचे कोट शेवटी खाली हिच्याच हातात यायचे. कोट हातात घेतला की ही सांगणार, हा माणूस घाईघाईत जेवतो, ह्याच्या पेनाला टोपण नाही, आणि ह्याने काल औषधाची बाटली स्वतःच सांडली पण ओरडला असणार नर्सला. अठ्ठावीस वर्षं डाग बघण्यात गेलेली बाई. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, ते पगाराच्या दिवशीसुद्धा कुणाला आठवायचं नाही.

रक्ताचा डाग तर ती पत्र वाचावं तसा वाचायची. लाल असेल तर ताजा, तपकिरी असेल तर जुना, कडा फिकट असतील तर कुणीतरी आधीच पाणी मारून बिघडवलेला. नव्या बाईला ती पहिल्याच दिवशी बजावायची, की रक्ताला गरम पाणी दाखवायचं नाही. गरम पाण्याने रक्त शिजतं आणि कापडात कायमचं घर करतं. थंड पाणी, मूठभर मीठ, अर्धा तास धीर. एवढं ज्याला जमलं त्याला लाँड्री जमली, असं तिचं म्हणणं. आणि खोटं नव्हतं ते. कापडापुरतं तर अजिबात खोटं नव्हतं.

पण माणसाला एका गोष्टीत शहाणपण आलं की ते पाय पसरतं. डागबाईचं तसंच झालं, आणि त्याची सुरुवात झाली इस्त्रीच्या रुळापासून.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. चादरी इस्त्री करायचा तो लांबलचक गरम रूळ असतो ना, त्याच्यासमोर उभी राहिली की तिच्या छातीतून एकदम जाळ उठायचा. मान, कान, चेहरा, सगळं लालबुंद. घामाने पाठ ओली व्हायची, आणि दोन-तीन मिनिटांत थंडी वाजायला लागायची. तिने सरळ तक्रार लिहिली, "रुळातून वाफ गळते." बॉयलरवाला आला, नट-बोल्ट आवळून गेला. पुढच्या आठवड्यात परत तक्रार. तो परत आला, पाइप बदलून गेला. तिसऱ्यांदा तिने त्याला धारेवरच धरलं. म्हणाली, तुला पगार मिळतो तो पाना मिरवायला का? तो बिचारा चाळिशीचा शांत माणूस. त्याने तापमापक लावला, तासभर तिच्या शेजारी उभा राहिला, सगळ्या बायकांना विचारलं. कुणालाच काही जाणवत नव्हतं. शेवटी पाना खिशात घालत तो खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, मशीन ठणठणीत आहे. माझ्या आईलाही ह्या वयात असंच व्हायचं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीला दोष द्यायची."

डागबाईला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. परक्या पुरुषाने, तेही बॉयलरवाल्याने, आपल्याला हे सांगावं. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पण मग तिने हिशेब जुळवून पाहिला. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी. पहाटे तीनला टक्क जाग. चावी फ्रिजमध्ये ठेवलेली. विनाकारण संताप, आणि संतापानंतर रडू. सगळं एकाच पोत्यातलं निघालं.

औषधपाणी तिने काही केलं नाही. वर जाऊन डॉक्टरांना दाखवावं असं डोक्यातही आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, हिने तर वळसाही घातला नाही. दीड-दोन वर्षं पंख्याखाली बसून काढली आणि एक दिवस पाळी गेली ती गेली. त्यानंतर ह्या विषयात तिच्याइतकं जाणकार तळघरात कुणी उरलं नाही. अकरा बायकांपैकी जिची कानशिलं तापली, जिची झोप उडाली, जिला नवरा नकोसा झाला, ती डागबाईकडे येणार. ही हातमोजे काढायची, टेबलावर बसायची आणि सांगायची, "काही होत नाही गं. माझं बघ. जातं आपोआप." बायका हलक्या होऊन जायच्या. तिलाही बरं वाटायचं. कुणाला नाही वाटणार?

त्या अकरा जणींत तिची धाकटी जाऊही होती. डागबाईनेच तिला लाँड्रीत लावून दिलं होतं, लग्न होऊन आली त्याच वर्षी. सव्वीस वर्षं दोघी एका घरात राहत होत्या आणि एका तळघरात काम करत होत्या. डागबाईचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, तेव्हापासून तर धाकटी तिला सावलीसारखी धरून होती. अंगाने भरलेली, हसली की डोळे मिटणारी, आणि घडीच्या टेबलावर हात असा चालायचा की बघत राहावं. तिचा नवरा, म्हणजे डागबाईचा दीर, बसच्या गॅरेजमध्ये इंजिनं दुरुस्त करायचा. मितभाषी माणूस. घरात दोन बायका बोलत असल्या की हा आपला रेडिओचा आवाज कमी करून दुसऱ्या खोलीत जाणार.

धाकटीची पाळी पन्नासाव्या वर्षी थांबली. फार त्रास न होता थांबली, आणि थांबली म्हणून दोघींनी मिळून चहाबरोबर केकसुद्धा खाल्ला. पुढची दोन वर्षं काही नाही. आणि मग एक दिवस, सकाळची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, ती मळके कपडे निवडायच्या, छाननीच्या खोलीत आली. दार लोटलं. पिशवीतून एक गाऊन काढला आणि डागबाईसमोर पसरला.

"ताई, हे बघा ना जरा."

रुपयाएवढा डाग. तपकिरी.

"कधीचं?"

"रात्रीचं. दोन वर्षांनी, ताई. परत सुरू झालं की काय?"

डागबाईने गाऊन उजेडाकडे धरला. अर्धा मिनिट पाहिला असेल. बाहेर गाड्या येऊन थांबल्या होत्या, मळक्या कपड्यांची तीस पोती उतरायची होती. "तपकिरी आहे," ती म्हणाली. "म्हणजे जुनं. नळ बंद केला तरी पाइपात थोडं पाणी राहतं की नाही? तसं. उरलंसुरलं, शेवटचा गाळ. निघून जाईल."

"नक्की ना?"

"अगं, डाग मला शिकवतेस का तू? थंड पाण्यात टाक, मीठ घाल."

धाकटी हसली, गाऊन पिशवीत घातला आणि कामाला गेली. संपलं. नंतर ना तिने विषय काढला, ना हिने विचारलं.

त्यानंतर सात महिन्यांनी वरून हुकूम आला की महिला कर्मचाऱ्यांसाठी आरोग्याची माहिती देणार आहेत, हजेरी सक्तीची. लाँड्री बंद ठेवता येत नव्हती, म्हणून अर्ध्या बायकांनी मंगळवारी जायचं, अर्ध्यांनी गुरुवारी. डागबाई मंगळवारी, धाकटी गुरुवारी. कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. बोलायला आली ती स्त्रियांच्या विभागातली डॉक्टरीणबाई, पस्तिशीची असेल, केस आखूड, आवाज खणखणीत. विषय ऐकून मागच्या रांगेत खुसखुस सुरू झाली. डागबाई मात्र पहिल्या रांगेत, पाय लांब सोडून, हाताची घडी घालून. ही पोरगी आपल्याला काय सांगणार, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

डॉक्टरीणबाईने फळ्यावर गर्भाशय काढलं, दोन बाजूंना दोन अंडाशयं काढली. म्हणाली, जन्माला येतानाच बाई सगळी बीजं घेऊन येते, नवीन तयार होत नाहीत. साठा संपत आला की अंडाशयं थकतात, आणि ती जे इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक बनवतात ते आधी कमी-जास्त होतं आणि मग पार घटतं. म्हणून आधी पाळी वेडीवाकडी होते. मेंदूत अंगाची उष्णता सांभाळणारा एक भाग असतो, तो इतका हळवा होतो की खोली जराशी तापली तरी त्याला वाटतं आग लागली, आणि तो घाम सोडतो. डागबाईने मान हलवली. झोप उडते, चिडचिड होते, सांधे दुखतात, तिथे आत कोरडेपणा येतो आणि जवळीक नकोशी वाटते. मागची खुसखुस बंद झाली. हाडं आतून विरळ होतात, म्हणून चालणं, वजन उचलणं, कॅल्शियम. हे सगळं सोसलंच पाहिजे असं कुणी सांगितलं? त्रास फार असेल तर संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, तपासून, बाईबाईप्रमाणे ठरवून देतात. ज्यांना त्या चालत नाहीत त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत. कोरडेपणाला मलम आहे.

मलम आहे हे ऐकून डागबाई पहिल्यांदा दचकली. आठ वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे विचारलंच नव्हतं. आपण ज्या बायकांना "सोस, जातं" म्हणून परत पाठवलं, त्यांची तोंडं तिला आठवायला लागली.

"आता सगळ्यात महत्त्वाचं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "सलग बारा महिने पाळी आली नाही, की ती कायमची थांबली असं आम्ही धरतो. त्यानंतर रक्त गेलं तर ती पाळी नव्हे. परत आली, उशिरा आली, असं काही नसतं. ताबडतोब तपासायचं."

डागबाईचे हात आपोआप सुटले. तिने विचारलं, आणि तिचा तिलाच आवाज ओळखू आला नाही, "तपकिरी असेल तरी?"

"तरीही."

"जुनं, उरलेलं असेल ना ते."

"नाही हो मावशी. दोन वर्षं आत काही उरत नाही. आणि रंगावरून काहीच ठरत नाही. लाल असो, गुलाबी, तपकिरी, एक ठिपका असो. दहातल्या नऊ जणींचं साधंच कारण निघतं. पण दहाव्या बाईला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असू शकतो. आणि ती दहावी कोण, हे डागाकडे बघून कुणालाही कळत नाही."

लाँड्रीच्या पाचही बायकांनी एकदम डागबाईकडे पाहिलं. त्यांना धाकटीचं काही माहीत नव्हतं, त्यांनी आपलं सवयीने पाहिलं.  पण पुढे डॉक्टरीणबाई काय बोलली, टाळ्या कधी वाजल्या, डागबाईला पत्ता नाही. तिला दिसत होता तो गाऊन. सात महिने झाले होते, पण डाग विसरणारी ती बाई नव्हे. डाग तपकिरी होता, बरोबर आहे. पण त्याच्या डाव्या अंगाला, नखाएवढी, लाल कड होती. ताजी. तिने ती पाहिली होती. पाहिली होती, समजली नव्हती, आणि समजत नाही हे म्हणायची सवय नसल्यामुळे तिने त्या कडेवरून नजर पुढे नेली होती. एवढंच झालं होतं, अर्ध्या मिनिटात.

आता बोला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे बैल नव्हता, धाकटी होती.

ती जिना उतरून खाली आली तेव्हा धाकटी मोठ्या चादरींच्या घड्या घालत होती आणि जोडीदारीण चहाला गेली होती. डागबाईने दुसऱ्या बाजूची टोकं धरली. चादरीची घडी दोघींनी घालायची तर दोन टोकांना उभं राहायचं, ताणायची, मग चालत जवळ यायचं, टोकाला टोक द्यायचं, परत मागे जायचं. सव्वीस वर्षांची सवय. जवळ आल्यावर डागबाईने विचारलं, "धाकटे, ते परत कधी झालं होतं का गं?"

"काय?"

"त्या गाऊनसारखं."

धाकटी मागे गेली, चादर ताणली. "होतं अधूनमधून."

"म्हणजे किती?"

"मी काय मोजत बसते का?"

"सांग ना मला."

जवळ येऊन टोकं देत ती म्हणाली, "आधी महिन्या-दोन महिन्यांनी एखादा दिवस. आता महिन्यात चार-पाच दिवस. गेल्या महिन्यात आठ."

डागबाईच्या हातातून चादर सुटली आणि फरशीवर पडली. धुतलेली, इस्त्री केलेली चादर. अठ्ठावीस वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. धाकटीच आधी वाकली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात गाळ आहे, निघून जाईल. मग तेच तेच काय विचारायचं रोज?"

आणि ह्याहून मोठा धक्का पुढे होता. घरचे कपडे रविवारी डागबाईच धुवायची. सात महिने धाकटीचे गाऊन, चादरी, सगळं तिच्या हातांखालून गेलं होतं, आणि एक डाग, एक सावली तिला दिसली नव्हती. विचारल्यावर कळलं, धाकटी पहाटे उठून थंड पाणी आणि मीठ घालून सगळं आधीच काढून टाकत होती. जसं शिकवलं होतं तसं, अगदी नीट. डागबाईला स्वतःच्या विद्येची इतकी किळस कधी आली नव्हती.

"चल," ती म्हणाली.

"कुठे? एवढ्या चादरी पडल्यात."

"पडू देत."

दोघी अॅप्रनसकट दुसऱ्या मजल्यावर गेल्या. स्त्रियांच्या विभागाच्या चादरी इतकी वर्षं धुतल्या, पण तो विभाग आतून डागबाईने कधी पाहिला नव्हता. डॉक्टरीणबाईने तिला ओळखलं. "काय मावशी, शंका राहिली का?" डागबाईने नुसतं धाकटीला पुढे केलं.

दुपारपर्यंत सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईने मशीनचा पडदा फिरवून दाखवला. पाळी थांबल्यावर गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं, चार मिलिमीटरच्या आत असलं की आम्ही निश्चिंत असतो, म्हणाली. धाकटीचं सतरा होतं.

"कशाने होतं असं?" धाकटीने विचारलं.

"बरीच कारणं असतात. अंडाशयं थांबली तरी अंगातली चरबी थोडं इस्ट्रोजेन बनवत राहते. आधी महिन्याच्या महिन्याला दुसरं संप्रेरक त्याला आवर घालायचं आणि अस्तर गळून जायचं. आता आवर घालणारं कुणी नाही. मग अस्तर वाढत राहतं."

"म्हणजे माझ्या जाडीने."

"जाडीने एकट्याने नाही. आणि तुमची त्यात काही चूक नाही."

चूक हा शब्द ऐकून डागबाई भिंतीकडे बघायला लागली. बारीक नळीने अस्तराचा तुकडा काढला, धाकटीने डागबाईचा हात असा दाबला की बोटं पांढरी पडली. तपासणीचं उत्तर दहा दिवसांनी येणार होतं.

ते दहा दिवस कसे गेले ते विचारू नका. धाकटीने नवऱ्याला सांगितलं की रक्त कमी आहे, तपासायला दिलंय, आणि ती हसतखेळत कामाला येत राहिली.  छाननीच्या टेबलावर लाल डाग आला की डागबाईचे हात थांबायचे. कुणी काही विचारायला आलं की ती म्हणायची, मला नाही माहीत, वर जा. बायका चकित. डागबाईच्या तोंडून "मला माहीत नाही" हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. एकीने तर विचारलं, मावशी, बरं नाही का तुम्हाला?

अकराव्या दिवशी बोलावणं आलं. डॉक्टरीणबाईने दार लावून घेतलं. कॅन्सर आहे, तिने सरळ सांगितलं. अस्तराचा. पसरलेला दिसत नाही, पण नक्की काय ते ऑपरेशननंतर कळेल. गर्भाशय आणि अंडाशयं काढावी लागतील, पंधरा दिवसांच्या आत. हा कॅन्सर लवकर सापडला तर बहुतेक बायका बऱ्या होतात.

 धाकटीने एवढंच विचारलं, "आठवड्याची रजा पुरेल का?"

डॉक्टरीणबाई म्हणाली, सहा आठवडे तरी लागतील. धाकटीने मान हलवली, जणू कुणी तिला सुट्टीची तारीख सांगितली होती. ती सही करायला बाहेरच्या टेबलाशी गेली तेवढ्यात डागबाई पुढे सरकली. "सात महिने आधी आलो असतो तर?"

डॉक्टरीणबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित तेव्हाही हेच निघालं असतं. कदाचित त्याच्या आधीची पायरी निघाली असती. ती असती तर कधी कधी गोळ्यांवरसुद्धा भागतं."

गोळ्यांवर. डागबाई खुर्चीवर बसून राहिली. बाहेरून धाकटीने दोनदा हाक मारली तेव्हा ती उठली.

ऑपरेशन झालं. दीर तेव्हा पहिल्यांदा हॉस्पिटलात आला, हाताला ग्रीसचा वास, हातात फळांची पिशवी. कॅन्सर हा शब्द त्याला डागबाईनेच सांगितला होता, आणि तो ऐकून त्याने आधी रेडिओ बंद केला आणि मग तो स्वयंपाकघरात जाऊन नुसता उभा राहिला होता. तेव्हापासून त्याने काही विचारलं नव्हतं. डागबाईला ते विचारण्याहून वाईट वाटत होतं.

ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी टाके दाखवायला आणि अहवाल ऐकायला तिघंही गेली. डॉक्टरीणबाईच्या चेहऱ्यावर जरा मोकळेपणा होता. कॅन्सर गर्भाशयाच्या भिंतीत थोडा शिरला होता, म्हणाली, पण बाहेर कुठे गेलेला नाही. किरणांचे काही डोस द्यायचे, आणि पुढची पाच वर्षं तपासणी चुकवायची नाही. मग कागद चाळत तिने सहज म्हटलं, "सात महिने अंगावर काढलंत तुम्ही. पुढे काहीही वाटलं तर सात दिवससुद्धा थांबू नका."

दिराने एकदम मान वर केली. "सात महिने?"

डॉक्टरीणबाईला दुसऱ्या पेशंटसाठी हाक आली, ती बाहेर गेली. खोलीत तिघंच राहिली.

"सात महिने रक्त जात होतं?" त्याने बायकोला विचारलं. "आणि तू थांबलीस? कुणी सांगितलं थांबायला?"

"कुणी नाही," धाकटी म्हणाली. "मीच. मला वाटलं, होईल बरं."

तिने डागबाईकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकं सरळ, इतकं सहज खोटं बोलली की डागबाईला क्षणभर ते खरंच वाटलं. गप्प बसली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. दीर बिचारा पुढे काही विचारणारा नव्हता. घर तसंच राहिलं असतं, रविवारचे कपडे तसेच, वहिनीचा मान तसाच. डागबाईच्या मनात हे सगळं येऊन गेलं, आणि स्वतःची लाज वाटून तिचे कान तापले.

"खोटं बोलते ती," डागबाई म्हणाली. "मी सांगितलं. ती माझ्याकडे आली होती, पहिल्याच दिवशी. मी म्हटलं जुनं आहे, थंड पाण्यात टाक."

दीर तिच्याकडे वळला.

"आणि अजून एक. डाग सगळा तपकिरी नव्हता. एका बाजूला लाल कड होती. ती मला दिसली होती, भाऊजी. दिसली आणि मी बोलले नाही. मला माहीत नव्हतं ते काय असतं, आणि माहीत नाही असं मला म्हणता आलं नाही. हिचं काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्यामुळे."

 डागबाई वाट बघत होती, तो काहीतरी बोलेल, ओरडेल, निदान उठून जाईल. पण बोलली धाकटी. पोटावर हात धरून, टाक्यांना जपत, खुर्चीत जरा सरळ झाली.

"मलाही दिसली होती ती कड," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं तुमच्या हाताखाली काढली, ताई, मला काय दिसली नसेल?"

"मग?"

"मग काय. वर जायचं तर जिना काय लांब होता? डॉक्टरीणबाईने तपासलं असतं, काहीतरी निघालं असतं, ह्याची भीती वाटली. तुम्ही काही नाही म्हणाल हे मला ठाऊक होतं. काही नाही असं ऐकायचं होतं म्हणूनच तुमच्याकडे आले."

 डागबाईचं त्या सात महिन्यांचं ओझं एका क्षणात अर्धं झालं होतं, आणि अर्धं झालं म्हणून ते हलकं वाटत नव्हतं. दोघींनी एकच लाल कड पाहिली होती. दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे पाहून ती नाहीशी केली होती.

दीर इतका वेळ आपल्या काळपट बोटांकडे बघत होता. हळूच म्हणाला, "मी त्याच खोलीत झोपतो. सात महिने तू पहाटे उठून कपडे धूत होतीस, मी पाण्याचा आवाज ऐकायचो. मला वाटायचं तुला झोप येत नाही." मग त्याने बोटांवरून नजर उचलली. "मला का नाही सांगितलं?"

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. रागावलेला माणूस समोर असता तर दोघींनी मिळून उत्तर दिलं असतं, सवय होती. पण तो खरंच विचारत होता, आणि त्याला द्यायला त्यांच्याकडे कारणच नव्हतं. लपवलं होतं असंही नाही. सात महिन्यांत त्याला सांगावं, हे दोघींपैकी एकीच्याही मनात एकदासुद्धा आलं नव्हतं.